तो तवा भंगारात द्यायचा नाही

प्रिय मनू,

परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस की आई तो काळा जड तवा आता भंगारात दे, मनगट दुखतंय म्हणतेस आणि रोज तोच उचलतेस, मी तुला इथून चांगला नॉनस्टिक पाठवते. मी हं हं केलं आणि विषय बदलला. पण नंतर झोप काही लागेना. त्याचं असं आहे बाळा, तो तवाच नाहीये. आपण त्याच्यावर थालीपीठं लावतो, धिरडी घालतो, तू दाताने तोडायला लागल्यापासून त्याच्यावरचं खात आलीस, पण तो काही मिरजेच्या बाजारातला नाही. तू आत्ता कार्डिफमध्ये जिथे राहतेस ना, तिथून ट्रेनने तासाभरावरच्या एका गावातला आहे तो. आणि हे मी तुला आजवर सांगितलं नाही याचं आता माझं मलाच नवल वाटतंय.

तुला एवढंच माहितीये की आई लहानपणी काही वर्षं 'इंग्लंडला' होती. सगळे नातेवाईक तसंच म्हणतात, मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. इंग्लंड नाही गं, वेल्स. ट्रेऑर्की, रोंधा खोऱ्यातलं. स्पेलिंगमध्ये दोन डी आहेत पण त्याचा उच्चार आपल्या ध च्या जवळ जातो, तिथे कुणासमोर रोंडा म्हणू नकोस.

आजोबा पुण्याच्या बी.जे.मधून डॉक्टर होऊन आधी एकटे गेले आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये मी आणि आजी गेलो, मी सहा वर्षांची. त्या खोऱ्यांमध्ये फॅमिली डॉक्टर म्हणून जायला तिथल्या डॉक्टरांची फारशी तयारी नसायची, खाणकामगारांची वस्ती, सारखा पाऊस, पेशंटची ही रांग, म्हणून मग आपले लोक गेले, त्या भागात कितीतरी दवाखाने आपल्याकडच्या डॉक्टरांनीच चालवले. गंमत बघ, ज्या ब्रिटिश सरकारी आरोग्यसेवेचं जगभर नाव आहे ती १९४८ साली सुरू करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन तिथल्याच ट्रेडेगरचा, खाणकामगाराचा मुलगा. ट्रेडेगरचे कामगार आधीपासूनच पगारातून वर्गणी काढून आपले डॉक्टर ठेवायचे, त्याने तेच अख्ख्या देशाला लावलं. आजोबा हे आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, पाहुणा कंटाळेपर्यंत.

घर म्हणजे डोंगराच्या उतारावर एकाला एक चिकटून पन्नासेक घरांची रांग, आपल्या चाळीसारखीच पण आडवी. पुढची खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, तिथे कुणी बसत नसे. आणि संडास मागच्या अंगणात. त्याला म्हणायचे टी बाख, टी म्हणजे घर आणि बाख म्हणजे छोटं. आता बाख हे लाडानेही लावतात, आपण बाळ म्हणतो ना तसं, कुणाच्याही नावापुढे. तर आजोबांना दोन-तीन महिन्यांत सगळे 'डॉक्टर बाख' म्हणायला लागले आणि मी रडत घरी आले की बाबांना लोक संडास का म्हणतात. (तिथे नावांचा दुष्काळच, सगळे जोन्स, डेव्हिस नाहीतर एव्हन्स, म्हणून मग जोन्स द मिल्क, एव्हन्स द पोस्ट असं धंद्यावरून ओळखायचे. आपल्याकडे जोशी कुलकर्णी असेच तर झाले.)

शेजारच्या घरात बोपा. बोपा हे नाव नाही, त्या खोऱ्यात आत्याला, मावशीला आणि नात्याची नसलेली पण मुलांना सांभाळणारी जी शेजारीण असते तिलाही बोपा म्हणतात. तिचं खरं नाव मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. साठीची, ठेंगणी, अंगात कायम फुलाफुलांचा एप्रन आणि बोलणं अखंड. आजीला इंग्लिश पुस्तकातलं यायचं, बोपाचं इंग्लिश पुस्तकातलं नव्हतं, त्यामुळे पहिला महिना दोघी एकमेकींशी हातवाऱ्यांनी बोलल्या. 'आय विल डू इट नाऊ, इन अ मिनट' असं ती म्हणायची, म्हणजे आत्ता करते, पण नंतर. आजी म्हणाली यात काय कळायचंय, आपण नाही का 'आलेच' म्हणतो आणि अर्धा तास जात नाही.

शब्दांचा तर मला नादच लागला. शाळेत वेल्श आकडे शिकवले, त्यात तीन म्हणजे त्री आणि नऊ म्हणजे नाउ, मी घरी येऊन ओरडले की हे लोक मराठी चोरतायत. आजोबांनी मग दोन्ही भाषांचं मूळ लांबून एकच असल्याचं समजावलं, ते डोक्यावरून गेलं. चर्चमध्ये, त्याला तिथे चॅपल म्हणतात, वर्षातून एकदा सगळी माणसं जमून चार सुरांत भजनं म्हणायची त्याला 'गमान्वा गानी'. गानी म्हणजे गाणं! यावर तर आजोबाही गप्प बसले. आणि कुच. कुच म्हणजे जवळ घेणं, नुसती मिठी नाही, पांघरुणासकट पोटाशी घेणं. 'कम बाय हिअर फॉर अ कुच' म्हणायची बोपा. याला मराठीत नेमका शब्द आहे, कुशी. मूळ एक आहे की नाही ते मला माहीत नाही, मी आपली एकच धरून चालते. कोळसा ठेवायच्या कोनाड्यालाही कुचच म्हणायचे, ते एक सोड.

खायचे हाल होते. शाळेच्या जेवणात एकदा पांढरी खीर आली, सगळी पोरं ई करून ओरडली, बेडकाची अंडी बेडकाची अंडी. बघते तर साबुदाण्याची खीर! मी तीन वाट्या खाल्ल्या आणि त्या दिवसापासून शाळेत माझी जरा वचक बसली. दुसरी एक असायची, रव्याची, वर जॅमचा ठिपका, शिरा बिघडला की कसा होतो तसा. घरी आजीचे प्रयोग चालू. कैरी कुठून मिळणार, तर ब्रॅम्ली म्हणून एक हिरवं आंबट सफरचंद असतं शिजवायचं, त्याचं लोणचं घालायची, मोहरीच्या डाळीच्या जागी कोलमनची पिवळी पावडर. ते नाकात असं जायचं की विचारू नकोस. बोपाने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा ती पाच मिनिटं बोलली नाही, हा विक्रमच. नंतर दर सप्टेंबरात बरणी घेऊन स्वतःच हजर.

सगळं गोडगोड होतं असं समजू नकोस. पहिल्या वर्षी बोपानेच फोडणीच्या वासाला नाक मुरडून खिडकी लावून घेतली होती आणि आजी ते शेवटपर्यंत विसरली नाही. २० एप्रिल १९६८ ला इनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध भाषण केलं, ते मला काय कळणार, पण त्यानंतर शाळेच्या मैदानात नवीन शब्द ऐकू यायला लागले आणि एका मुलाने विचारलं तुम्ही परत कधी जाणार. एका बाईंनी माझं नाव अवघड म्हणून हजेरीत दुसरंच टाकलं, ते दोन वर्षं तसंच चाललं. बसमध्ये कुणीतरी माझ्या हातावर बोट घासून रंग निघतो का बघितलं तेव्हा बोपा शेजारी होती, ती सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली की माझा बाप खाणीतून घरी यायचा तेव्हा या पोरीपेक्षा दसपट काळा असायचा, आणि त्याचा निघायचा सुद्धा नाही.

खाण म्हणजे काय ते मला तिच्या नवऱ्यामुळे कळलं. तो पार्क खाणीत होता, ती आम्ही जायच्या आदल्याच वर्षी, १९६६ ला बंद पडली. रोंधात एकेकाळी पन्नासहून जास्त खाणी होत्या. तर हा माणूस खुर्चीतच झोपायचा कारण आडवा झाला की श्वास लागायचा आणि जिना चढवत नव्हता. बोपा सांगायची 'ही हॅज गॉट डस्ट, फिफ्टी पर्सेंट'. मला वाटायचं पन्नास टक्के म्हणजे पास. तसं नव्हतं. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं किती निकामी झाली ते सरकारी डॉक्टरांचं मंडळ टक्क्यांत ठरवायचं आणि त्यावर पेन्शन मिळायची. ह्याला दहा टक्के, त्याला तीस, असं बायका बाजारात बोलायच्या, आपण डायबेटिस किती निघाला बोलतो तितक्या सहज. आजोबा त्या दवाखान्यातून घरी आले की काही वेळ बोलायचे नाहीत.

गावाच्या डोक्यावर खाणीतल्या टाकाऊ मालाचे काळे ढिगारे होते, डोंगरावर डोंगर. पोरं पुठ्ठ्यावर बसून त्यांवरून घसरत खाली यायची. मीही एकदा गेले. घरी आले तर फाटकाशीच बोपाने धरली आणि अशी थोबाडीत दिली की टोपी उडाली. तिने मला मारलं ते तेवढंच एकदा. आजी दारात उभी होती, ती एक शब्द बोलली नाही, आणि हेच मला जास्त लागलं. खूप नंतर कळलं. आम्ही पोचायच्या चार महिने आधी, २१ ऑक्टोबर १९६६ ला, दोन-तीन डोंगरांपलीकडे अ‍ॅबरव्हॅनला असाच ढिगारा पावसाने सुटून शाळेवर आला होता. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं. बोपाच्या माहेरचं कुणीतरी त्यात होतं, कोण ते तिने कधी सांगितलं नाही आणि आजीने विचारलं नाही.

आता जरा बरं सांगते. १५ फेब्रुवारी १९७१ ला तिथले पैसे बदलले. तोवर बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगचा एक पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स, ते गेले आणि शंभरचा हिशेब आला. म्हाताऱ्या माणसांची धांदल उडाली, सगळ्यांना वाटायचं दुकानदार फसवतोय. आजी म्हणाली हात्तिच्या, आमच्याकडे हे १९५७ सालीच झालं. सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले तेव्हा तिने सासूला शिकवलं होतं, तसंच तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर बटणं मांडून बोपाला आणि आणखी चार जणींना शिकवलं. त्या दिवसापासून आजीला गल्लीत वजन आलं. तोवर ती 'डॉक्टरांची बायको' होती.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे सुपारीचा गणपती, मोदक ग्राउंड राइसचे, तिथे खिरीसाठी मिळतो तो, आत डब्यातलं सुकं खोबरं. आजोबा रेडिओला कान लावून बसलेले, ओव्हलवर टेस्टचा शेवटचा दिवस, चंद्रशेखरने इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलेलं आणि वाडेकरच्या टीमला १७३ करायचे होते. बोपाचा नवरा धापा टाकत भिंतीला धरून धरून आमच्याकडे आला. त्याला क्रिकेटचं काही नव्हतं, रग्बीवाला माणूस, पण इंग्लंड हरतंय म्हटल्यावर वेल्श माणूस घरी कसा बसेल! आपण चार विकेट राखून जिंकलो, इंग्लंडमध्ये जिंकलेली आपली पहिली टेस्ट, आणि तो आजोबांपेक्षा मोठ्याने ओरडला आणि मग दहा मिनिटं खोकत बसला. त्या दिवशी मैदानावर लोकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणली होती. हे ऐकून तो म्हणाला तुमचा देव स्वतः मॅच बघायला येतो, मग आमच्या चॅपलवाल्याने काय करायचं. दोन मोदक खाल्ले त्याने.

फेब्रुवारी १९७२ मध्ये खाणवाल्यांचा संप होता तेव्हा तासन्‌तास वीज जायची, दुकानातल्या मेणबत्त्या संपल्या, तेव्हा आजोबांनी समईच्या उजेडात पेशंट तपासलेत. संपाला सगळं गाव पाठीशी. त्या लोकांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे. गावात पार्क अँड डेअर म्हणून मोठं थिएटर आहे, ते आणि त्याची लायब्ररी खाणकामगारांनी पगारातल्या पौंडामागे एक पेनी काढून बांधली. मी पुस्तकं वाचायला लागले ती तिथलीच. समोर इटालियन माणसाचं हॉटेल, त्याला सगळे ब्राकी म्हणायचे, मालकाचं आडनाव काहीही असो. इटलीतल्या बार्डी नावाच्या एकाच भागातून आलेली ही माणसं, प्रत्येक खोऱ्यात त्यांचं एकेक हॉटेल. म्हणजे आपला इराणीच की. एक गरम व्हिम्टो घेऊन दोन तास बसलं तरी कुणी उठवत नसे.

बोपाचा नवरा १९७३ च्या हिवाळ्यात गेला. सगळ्या गल्लीने पडदे ओढले. अंत्ययात्रेला फक्त पुरुष, बायका घरात थांबून सँडविचं कापायच्या. आजीने हॅमला हात लावला नाही पण अंड्याची शंभर तरी करून दिली, स्वतः खात नसताना. रस्त्यावर पुरुष घरासमोर उभे राहून गायले, कुणी शिकवल्यासारखे, जाड आवाज खाली आणि बारीक वर. आजी खिडकीतून बघत म्हणाली, आपल्यासारखंच आहे गं, बायकांनी जायचं नाही.

आणि मग १९७६. आजोबांना मिरजेला परत यायचं होतं, तिकिटं सप्टेंबरची. तो उन्हाळा असला पडला की डोंगर पिवळे पडले, वणवे लागले, आणि पाण्याचे वांधे. नळ रोज तासन्‌तास बंद. वेल्समध्ये पाणी नाही! लोक हतबुद्ध. आजीला काय त्याचं, मिरजेत तिचा जन्म पाणी भरण्यात गेलेला. तिने गल्लीला शिस्त लावली, नळ आला की आधी प्यायचं भरा, मग वापरायचं, भाज्या धुतलेलं टी बाखमध्ये ओता. जुने खाणकामगार ज्यात आंघोळ करायचे ते पत्र्याचे टब मागच्या भिंतींवर खिळ्याला गंजत लटकलेले होते, ते तिने सगळ्यांना खाली काढायला लावून घासून भरून घेतले. बोपा म्हणाली माझ्या नवऱ्याची पाठ मी ह्यात धुतली, आता त्यात मी बटाटे धुते.

आता तवा. बोपा शनिवारी वेल्श केक करायची. केक म्हणजे फुगलेला नाही, आपल्या गोड दशमीसारखा, जाड, बेदाणे घातलेला, बिडाच्या सपाट जड तव्यावर भाजायचा, त्याला बेकस्टोन म्हणतात. त्यात डुकराची चरबी घालतात. आम्ही खात नाही कळल्यावर ती आमचे वेगळे लोण्यातले करायची आणि ते आधी भाजायची, म्हणजे चरबी लागू नये. आजीने हे सांगितलं नव्हतं, तिचं तिने ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ती तो बेकस्टोन वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आली. तिच्या आजीचा. पोटी मूल नव्हतं. म्हणाली मी एकटीसाठी काय भाजू. आजोबांनी वजनाचं गणित मांडलं, विमानात वीस किलो, जमणार नाही. आजीने बॅगेतून आपला लोकरी कोट काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाली मिरजेत कोट काय करायचाय.

मिरजेत आल्यावर काय झालं ते थोडक्यात. वर्गात सगळे मड्डम म्हणायचे, माझं मराठी हेल काढून यायचं, वाक्याच्या शेवटी वर जायचं, तिथे तसंच बोलतात. दोन वर्षांत मी तो हेल घालवला आणि त्याबरोबर बोलणंही. बोपाची ख्रिसमसची कार्डं १९८८ पर्यंत येत होती. मी उत्तरं आधी पानभर लिहायचे, मग चार ओळी, मग कार्डावर नुसतं नाव.

तर सुट्टीच्या दिवशी कार्डिफ सेंट्रलवरून ट्रेहर्बर्टची ट्रेन पकड. पाँटिप्रीध गेलं की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. काळे ढिगारे आता हिरवे झालेत म्हणतात, त्यामुळे तुला ते डोंगरच वाटतील. रोंधातली शेवटची खाण १९९० ला बंद झाली. ट्रेऑर्कीला उतर, हाय स्ट्रीटला ब्राकीसारखं काही उरलंय का बघ आणि असेल तर बस निवांत. मेंढ्या रस्त्यात आल्या तर घाबरू नकोस, त्या कचऱ्याचे डबे उलटे करतात, माणसांना काही करत नाहीत. गल्लीचं नाव आणि घर नंबर तुला फोनवर सांगेन. दार वाजवू नकोस, नुसतं बघून ये.

आणि नॉनस्टिक पाठवू नकोस. मनगटाला पट्टा घेतलाय मी. येत्या शनिवारी वेल्श केक करून बघणार आहे, चाळीस-पंचेचाळीस वर्षांत केले नाहीत. मैदा, त्याच्या निम्मं लोणी, साखर, बेदाणे, एक अंडं, जायफळ, एवढं आठवतंय. आच मंद ठेवायची आणि एकदाच उलटायचा, दोनदा उलटला की बोपा हातावर चमचा मारायची. तू कॉल कर, रात्री नऊला. आपल्या नऊला.

तुझी,
आई